पीडीएफ केली की Ω चा डब्ल्यू आणि µ चा एम होतोय, काय करू?

भोसरी_क्यूसी

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत एका छोट्या युनिटमधे क्वालिटीला आहे. आम्ही हीटर पॅनल करतो आणि थोडे मशीन्ड पार्टपण, आणि प्रत्येक लॉटबरोबर टेस्ट रिपोर्ट आणि एक छोटं मॅन्युअल पीडीएफ करून कस्टमरला जातं. वर्डचं टेम्प्लेट माझ्या आधीपासूनचं आहे, कोणी बनवलं देव जाणे. इतके दिवस माझ्या पीसीवरूनच पीडीएफ काढायचो आणि सगळं नीट जायचं. आता साहेबांनी नवीन सिस्टिम बसवली, वर्डची फाइल एका सर्व्हरच्या फोल्डरमधे टाकायची, तो आपोआप पीडीएफ करतो आणि मेल पाठवतो, मधे कोणी बघतच नाही. तेव्हापासून वाट लागलीये.

नेमकं काय होतंय ते सांगतो. रेझिस्टन्स ५२.९ Ω लिहिलेलं असतं, पीडीएफमधे Ω च्या जागी कॅपिटल डब्ल्यू येतो. आणि त्याच्या बरोब्बर खालच्या ओळीत पॉवर १००० डब्ल्यू, तो खरा वॅट! एकाच टेबलात दोन डब्ल्यू, एक खरा एक खोटा. सरफेस फिनिश, म्हणजे पृष्ठभाग किती गुळगुळीत ते, ०.८ µm (मायक्रॉन) आरए, तिथे µ चा एम झाला आणि पुढचा एम होताच, म्हणजे ०.८ एमएम. कस्टमरच्या इंजिनिअरने फोन करून विचारलं की अहो हा पार्ट तुम्ही ग्राइंड केलाय का करवतीने कापलाय. टेम्परेचर ८५ च्या पुढे डोक्यावर टोपी घातलेला ए आणि मग डिग्रीचा गोल. चेकलिस्टमधे बरोबरच्या खुणेच्या जागी यू आणि त्यावर दोन टिंबं. आणि शेवटी ऑपरेटरसाठी मराठीत सूचनांचं पान आहे ते तर अख्खंच इंग्रजी अक्षरं आणि कंसांचा कचरा.

नेटवरच्या एका फुकट कन्व्हर्टरवर तीच फाइल टाकली तर डब्ल्यूच्या जागी चौकोन आले. आयटीवाला म्हणतो फाइलच खराब आहे, पण माझ्या पीसीवर तीच फाइल एकदम चकाचक दिसते. कोणाचं खरं?

नारायणपेठी

पेजचे स्क्रीनशॉट काढा, इमेज वर्डमधे चिकटवा, पीडीएफ करा. विषय संपला.

फॉन्टवेडा

नारायणपेठी, विषय संपत नाही हो. कस्टमरला त्यातला सिरियल नंबर शोधायचा असेल तर? आणि फाइल फुगते ती वेगळीच. आणि रोज येणाऱ्या लॉटला कोण स्क्रीनशॉट काढत बसणार.

क्यूसी दादा, दोघांचंही खरं आहे थोडं थोडं. आणि तुम्ही एकच प्रॉब्लेम समजून जो सांगताय ते तीन वेगळे प्रॉब्लेम आहेत, प्रत्येकाचं औषध वेगळं. चिन्ह बिघडून त्याचं काय झालं हे नीट बघितलं की आजार कुठला ते कळतं, तुम्ही अक्षरं नीट लिहून दिलीत म्हणून सांगता येतंय, नाहीतर लोक नुसतं ‘फॉन्ट उडाला’ लिहितात.

पहिला, Ω चा डब्ल्यू आणि µ चा एम. हा सिम्बॉल फॉन्टचा प्रताप. हा फॉन्ट युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला स्वतःचा वेगळा नंबर देणारी पद्धत) आधीच्या काळातला, तेव्हा एका फॉन्टमधे फार तर २५६ जागा. ग्रीक अक्षरांना स्वतःची जागाच नव्हती म्हणून ती इंग्रजी अक्षरांच्या खुर्चीत बसवली. ए म्हणजे अल्फा, बी म्हणजे बीटा, पी म्हणजे पाय, क्यू म्हणजे थीटा, एम म्हणजे म्यू, कॅपिटल डी म्हणजे डेल्टा, आणि कॅपिटल डब्ल्यू म्हणजे ओमेगा. म्हणजे तुमच्या टेम्प्लेटमधे Ω कधी नव्हताच, Ω सारखा दिसणारा डब्ल्यू होता. फॉन्ट आहे तोवर सोंग टिकतं, फॉन्ट गेला की उघडं पडतं. तुमच्या पीसीवर विंडोज आहे, सिम्बॉल फॉन्ट त्याच्याबरोबरच येतो. सर्व्हर बहुतेक लिनक्स असणार, तिथे तो नाही.

मग कुठे डब्ल्यू आणि कुठे चौकोन का? वर्डमधे इन्सर्ट सिम्बॉल करून सिम्बॉल फॉन्टमधलं चिन्ह टाकलं की वर्ड ते युनिकोडच्या खासगी वापराच्या पट्ट्यात ठेवतं, एफ००० ते एफ०एफएफ. म्यूचा कोड होतो एफ०६डी. यातला ६डी म्हणजे साधा छोटा एम. काही कन्व्हर्टर पुढचा एफ० गाळून एम छापतात, काही अख्खा कोड तसाच ठेवतात आणि दुसऱ्या फॉन्टमधे त्या जागी काहीच नसतं म्हणून चौकोन. खरं सांगायचं तर चौकोनवाला परवडला, निदान बघणाऱ्याला कळतं की काहीतरी गेलंय. एमएम वाचणारा माणूस एमएमच समजणार.

तुमचा आकडा ताडून बघितला. २३० व्होल्टचा हीटर असेल तर २३० चा वर्ग ५२९००, भागिले १००० वॅट, ५२.९ ओहम. आकडा बरोबर आहे, चिन्हच मेलंय. पण कस्टमरचा स्टोअरवाला हे गणित करत बसणार नाही.

चेकलिस्टमधली बरोबरची खूणही त्याच घराण्यातली, ती विंगडिंग्ज फॉन्टमधून आलीये. तिथे बरोबरच्या खुणेचा नंबर आहे एफसी, आणि साध्या फॉन्टमधे त्या नंबरला दोन टिंबवाला यू. पूर्वी ऑफिसच्या मेलमधे वाक्याच्या शेवटी उगाच एक जे अक्षर दिसायचं आठवतंय का, तो विंगडिंग्जचा स्मायली.

दुसरा, डिग्रीच्या आधी टोपीवाला ए. याचा फॉन्टशी काही संबंध नाही, हे एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं फाइलमधे कुठल्या आकड्यांनी साठवायची त्याची पद्धत. यूटीएफ-८ या युनिकोडच्या एन्कोडिंगमधे डिग्रीचं चिन्ह दोन बाइटचं असतं, सी२ आणि बी०. वाचणाऱ्या प्रोग्रॅमला वाटलं की ही जुन्या विंडोज १२५२ एन्कोडिंगची फाइल आहे, तर तो प्रत्येक बाइटचं वेगळं अक्षर करतो, सी२ चा होतो टोपीवाला ए आणि बी० चा डिग्री. ± चंही असंच होतं, आधी टोपीवाला ए. तुमचं टेम्परेचर कुठल्या मशीनमधून येतं का? डेटा लॉगरची सीएसव्ही (स्वल्पविरामाने वेगळे केलेल्या आकड्यांची साधी फाइल) डबल क्लिक करून एक्सेलमधे उघडता आणि तिथून वर्डमधे कॉपी करता, असं काही? कारण बिघाड तिथेच झालेला असणार, पीडीएफ उगाच शिव्या खातेय.

तिसरा, मराठी पान. ते बहुतेक जुन्या फॉन्टमधे टाइप केलंय, त्यावर जाणकार बोलतीलच.

आधी दोन गोष्टी करून बघा आणि इथे सांगा. एक, वर्डमधला तो Ω कॉपी करून नोटपॅडमधे पेस्ट करा. Ω च आला तर माझं सगळं चुकलं, डब्ल्यू किंवा चौकोन किंवा मोकळी जागा आली तर बरोबर. दोन, सर्व्हरने काढलेली पीडीएफ ॲडोबी रीडरमधे उघडा, कंट्रोल डी दाबा, फॉन्ट्सच्या टॅबमधे काय काय नावं आहेत आणि कुठल्या नावापुढे एम्बेडेड सबसेट (म्हणजे वापरलेली अक्षरं पीडीएफच्या आत भरलीयेत) लिहिलंय ते बघा.

रात्रपाळी

फॉन्टवेड्यांना अनुमोदन. फार्मात आहे, हिंजवडीच्या पुढे प्लँट. आमच्याकडे लेबलवर किंवा बॅच रेकॉर्डवर मायक्रोग्रॅमसाठी µ वापरायलाच बंदी आहे, एमसीजी असं अक्षरात लिहायचं. µ गेला आणि एम आला तर मायक्रोचा मिली होतो, डोस सरळ हजारपट. अमेरिकेतल्या आयएसएमपी या औषधांतल्या चुका टाळण्यासाठी काम करणाऱ्या संस्थेने चुका होऊ शकणाऱ्या संक्षेपांची यादी काढलीये त्यात हे µ वालं मायक्रोग्रॅम आहे, पण तिथे मुख्य भीती हाताने लिहिलेल्या µ ची. कॉम्प्युटरने छापलेलंही तितकंच धोक्याचं आहे हे लोकांना पटत नाही. तुम्हाला चालत असेल तर रिपोर्टमधे सरळ ओहम आणि मायक्रॉन असं शब्दात लिहा, कुठलाही फॉन्ट उडाला तरी शब्द उडत नाही.

भोसरी_क्यूसी

बाप रे, एवढं सगळं. धन्यवाद.

नोटपॅडमधे Ω च्या जागी नुसता चौकोन आला, µ चंही तेच. आणि एका जागी मात्र, टॉलरन्सच्या कॉलममधे, Δ कॉपी केला तर चक्क साधा कॅपिटल डी आला. असं दोन प्रकारचं का?

सीएसव्ही बरोबर ओळखलंत. ओव्हनचा लॉगर सीएसव्ही देतो, मी डबल क्लिक करून एक्सेलमधेच उघडतो. आत्ता बघितलं तर टोपीवाला ए एक्सेलमधेच दिसतोय, इतके दिवस तो कॉलम आक्रसलेला असायचा म्हणून नजरेला पडला नाही.

कंट्रोल डी मधे लिबरेशन सॅन्स, कार्लिटो असली नावं दिसतायत, सगळ्यांपुढे एम्बेडेड सबसेट. मी तर टेम्प्लेटमधे कॅलिब्री वापरलाय, हा कार्लिटो कोण? सिम्बॉल नावाचा फॉन्ट यादीतच नाही. रात्रपाळी, शब्दात लिहायला माझी ना नाही, पण कस्टमरचा फॉरमॅट ठरलेला आहे, त्यात चिन्हंच आहेत.

फॉन्टवेडा

मग निदान पक्कं. कार्लिटो हा कॅलिब्रीच्या मापाचा बदली फॉन्ट, अक्षरांची रुंदी तीच ठेवलीये म्हणून ओळी आणि पानं मोडत नाहीत, लिनक्सवर लिब्रेऑफिस (वर्डसारखं फुकट सॉफ्टवेअर) तोच लावतं. अक्षरांपुरतं ते छान चालतं. सिम्बॉलला मात्र असा बदली माणूस मिळालेला नाही तुमच्या सर्व्हरवर.

Δ चा डी का आला ते सांगतो. इन्सर्ट सिम्बॉलने टाकलेलं चिन्ह वर्ड खासगी कोडमधे कुलूपबंद ठेवतं, त्यावर सिलेक्ट करून फॉन्ट बदललात तरी ते हलत नाही, आणि गंमत म्हणजे वरच्या फॉन्टच्या खिडकीत सिम्बॉल असं नावही दिसत नाही, आजूबाजूचाच फॉन्ट दिसतो. म्हणून वर्षानुवर्षं कोणाला पत्ता लागत नाही. Δ मात्र कोणीतरी साधा डी टाइप करून त्याला सिम्बॉल फॉन्ट लावून केलाय, किंवा दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरमधून तसा आलाय.

आता दुरुस्ती. खरे युनिकोडवाले Ω आणि µ टाकायचे. वर्डमधे कोड टाइप करायचा आणि लगेच ऑल्ट एक्स दाबायचं, कोडचं चिन्ह होतं. ओमेगा ०३ए९, मायक्रो ००बी५, डिग्री ००बी०, प्लस मायनस ००बी१, डेल्टा ०३९४, बरोबरची खूण २७१३. आकडे आणि अक्षरं अर्थातच इंग्रजी कीबोर्डवरून. आधी आकडा असेल तर मधे स्पेस सोडा, नाहीतर ०.८ मधला ८ पण कोडमधे ओढला जातो आणि भलतंच काहीतरी उमटतं.

सगळे एकेक करून बदलू नका. एक जुनं चिन्ह कॉपी करा, कंट्रोल एच, वरच्या खान्यात पेस्ट करा, तिथे चौकोन दिसेल, घाबरू नका. खालच्या खान्यात नवीन खरं चिन्ह पेस्ट करा आणि मोअर मधे जाऊन फॉर्मॅट, फॉन्ट, कॅलिब्री निवडा. मग रिप्लेस ऑल. डीवाल्या Δ साठी वरच्या खान्यात डी लिहा आणि त्याच्या फॉर्मॅटमधे फॉन्ट सिम्बॉल निवडा म्हणजे इतर डी बदलले जाणार नाहीत. हेडर, फूटर आणि टेक्स्ट बॉक्स नंतर स्वतः नजरेखालून घाला.

एक बारीक गोष्ट. युनिकोडमधे ओहमचं वेगळं चिन्हही आहे, २१२६ नंबरचं, दिसायला ओमेगासारखंच. ते वापरू नका, युनिकोडवालेच सांगतात की ग्रीक ओमेगा वापरा. µ चेही दोन आहेत, ००बी५ मायक्रो आणि ०३बीसी ग्रीक म्यू, कुठलाही चालेल पण अख्ख्या कंपनीत एकच धरा, नाहीतर सर्चमधे अर्धे रिपोर्ट सापडणार नाहीत.

सीएसव्हीसाठी डबल क्लिक बंद. एक्सेलमधे डेटा, फ्रॉम टेक्स्ट सीएसव्ही, आणि फाइल ओरिजिनमधे ६५००१ युनिकोड यूटीएफ-८ निवडा. टोपी उतरेल.

सदाशिव_डीटीपी

मराठी पानाचं मी सांगते, आयुष्य यातच चाललंय. दादा, त्या पानाचा फॉन्ट काय दिसतोय वर्डमधे? श्री-लिपी का, डीव्हीबी-टीटी असं काही का? हे सगळे युनिकोडच्या आधीचे. श्री-लिपी आपल्या पुण्याचीच, आणि सी-डॅक ही सरकारी संगणक संस्था पण १९८८ पासून इथलीच, त्यामुळे पुण्यातल्या प्रत्येक प्रेसमधे आणि सरकारी टेबलावर हेच फॉन्ट होते, अजूनही आहेत. त्या काळात त्यांनी मराठी कॉम्प्युटरवर आणली म्हणून आमचं पोट चाललं, नावं ठेवायची नाहीत. पण आतली गोष्ट तीच जी फॉन्टवेड्यांनी Ω ची सांगितली, कॉम्प्युटरच्या लेखी ते मराठी नाहीच, इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं आहेत आणि फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देतो. प्रत्येक कंपनीने अक्षरं वेगळ्या जागी बसवली म्हणून एका कंपनीचा फॉन्ट दुसऱ्याच्या मजकुराला लावला तर अजूनच भयंकर.

यावर सर्व्हरमधे फॉन्ट टाकणं हा उपाय नको, एकतर लायसन्स लागतं आणि उद्या कस्टमरने ओळ कॉपी केली तर पुन्हा कचराच. ते पान एकदाच युनिकोडमधे करून घ्या. कन्व्हर्टर मिळतात, पण मूळ फॉन्ट नेमका कुठला ते त्याला बरोबर सांगावं लागतं. आणि कन्व्हर्ट झाल्यावर मजकूर मूळ प्रिंटशेजारी ठेवून वाचा, वरवर चाळू नका. माझ्या अनुभवात घोटाळे ठरलेल्या जागी होतात. रफार पुढच्या किंवा मागच्या अक्षरावर जातो, ‘कार्य’ मधला. ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’ मधला अर्धा र पूर्ण होतो किंवा गायब. पहिली वेलांटी जोडाक्षरावर असली की सरकते. आणि सुरक्षेच्या सूचनेत ‘करू नये’ मधला ‘न’ जरी इकडचा तिकडे झाला तरी काय होईल ते तुम्हीच बघा.

तुमच्या कामाचं अजून एक. ‘ॲम्पिअर’ मधलं पहिलं अक्षर युनिकोडमधे स्वतंत्र आहे, पण ते २००८ मधे ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधीचे फॉन्ट असतील तर तिथे चौकोन दिसेल. काही लोक अ लिहून वर चंद्र देतात, दिसतं सारखं किंवा कधी मधेच ठिपक्यांचा गोल येतो, आणि सर्च केलं तर सापडत नाही कारण कोड वेगळे. एकच पद्धत ठेवा. ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट किंवा नोटो सॅन्स देवनागरी घ्या, दोन्ही फुकट आहेत, सर्व्हरवर बिनदिक्कत टाकता येतात.

भोसरी_क्यूसी

ताई फॉन्ट डीव्हीबी-टीटी ने सुरू होणाराच आहे!! एकच पान आहे तर कन्व्हर्टरच्या नादाला न लागता मी सरळ नव्याने टाइप करून घेतो, तसंही त्यात ‘सदर यंत्र’ वगैरे भाषा आहे, ऑपरेटर वाचत नाहीत.

सदाशिव_डीटीपी

उत्तम. टाइप करून झालं की मोठ्याने वाचून घ्या कोणाकडून तरी. आणि हो, आत्ताच सांगून ठेवते, युनिकोडमधलं पान पीडीएफमधे सुंदर दिसेल पण त्यातून मराठी कॉपी केलंत तर जोडाक्षरं आणि वेलांट्या थोड्या विस्कटतील. पीडीएफमधे अक्षरांची चित्रं असतात, ज्या क्रमाने दिसतात त्या क्रमाने, आणि पहिली वेलांटी दिसते आधी पण कोडमधे असते नंतर. तो तुमचा दोष नाही. कोणाला मजकूर हवाच असेल तर वर्डची फाइल द्या.

चाकण_कॅड

ड्रॉइंगमधल्या डायमीटरच्या चिन्हाचं कोणी बोललंच नाही. ऑटोकॅडमधे टक्के टक्के सी लिहिलं की Ø, टक्के टक्के डी ने डिग्री, टक्के टक्के पी ने ±, हे सगळ्यांना पाठ असतं. ड्रॉइंग प्लॉट करून पीडीएफ केली आणि फॉन्ट एसएचएक्सवाला (ऑटोकॅडचा स्वतःचा, रेघांनी बनलेला) असला तर अक्षरं रेघा म्हणून जातात, त्यामुळे उडत नाहीत पण बहुतेकदा सर्चही होत नाहीत. खरी बोंब होते ड्रॉइंगवरचा मजकूर रिपोर्टमधे कॉपी करताना, कारण तिथे टक्के टक्के सी तसंच्या तसं येतं. आणि जीडी अँड टीच्या (ड्रॉइंगवर आकार आणि जागेचा टॉलरन्स दाखवायची पद्धत) चौकटीतली चिन्हं, पोझिशन, फ्लॅटनेस वगैरे, ती त्या त्या कॅड सॉफ्टवेअरच्या खास फॉन्टमधून येतात, म्हणजे परत तीच सिम्बॉलची कथा. ती चौकट रिपोर्टमधे चित्र म्हणूनच टाका, याबाबतीत मी नारायणपेठींच्या पार्टीत.

वर्डमधे डायमीटरसाठी कोड २३००.

फॉन्टवेडा

चाकण भाऊ, २३०० हे तत्त्वाने बरोबर आहे, तेच खरं डायमीटरचं चिन्ह. पण बऱ्याच रोजच्या फॉन्टमधे ते नसतं. वर्ड गुपचूप दुसऱ्या फॉन्टमधून उसनं आणतं आणि सर्व्हरवर तो दुसरा फॉन्ट नसला की पुन्हा चौकोन. Ø हे मूळचं डेन्मार्क नॉर्वेच्या भाषांचं अक्षर, ००डी८, पण ते जवळजवळ प्रत्येक फॉन्टमधे असतं. मी Ø च वापरतो आणि झोप नीट लागते.

चाकण_कॅड

बघा म्हणजे तुम्ही पण सोंगच चालवताय 😀

फॉन्टवेडा

फरक आहे! माझं Ø फॉन्ट बदलला तरी Ø च राहतं, डब्ल्यूसारखं रूप पालटत नाही. बाकी तुमचं म्हणणं मान्य.

लिनक्सकाका

सर्व्हरच्या बाजूने थोडं, म्हणजे दादाला आयटीवाल्याशी बोलता येईल.

सर्व्हरवर फॉन्ट कुठले आहेत ते एफसी-लिस्ट या कमांडने दिसतात. मुक्त, नोटोचे देवनागरी आणि सिम्बॉल्सवाले फॉन्ट तिथे टाकायला सांगा, बरोबरची खूण आणि २३०० वगैरे त्यातून येतील. विंडोजमधला सिम्बॉल फॉन्ट उचलून तिथे टाकायचा मोह होईल, टाकू नका, तो विंडोजच्या लायसन्सबरोबर येतो आणि टेम्प्लेट दुरुस्त केल्यावर लागणारही नाही.

मग पीडीएफ काढताना पीडीएफ/ए हा पर्याय चालू करायचा. साध्या पीडीएफमधे फॉन्ट आत भरलाच पाहिजे अशी सक्ती नाही. ॲडोबीने १९९३ मधे पीडीएफ आणली तेव्हा १४ फॉन्ट असे ठरवले की ते वाचणाऱ्याकडे असणारच, फाइलमधे भरायची गरज नाही, आणि त्या १४ मधे एक सिम्बॉल होता! म्हणजे जुन्या सॉफ्टवेअरने काढलेली पीडीएफ असेल तर आत सिम्बॉल फॉन्ट नाही, मोबाइलमधला कुठलासा व्ह्यूअर आपल्या मनाने दुसरा लावतो, आणि मग ‘माझ्याकडे बरोबर दिसतं, तुमच्याकडेच कसं बिघडतं’ हे भांडण. घरी बोलवायचं आणि मग जेवून आलाच असाल म्हणायचं, तसला प्रकार. पीडीएफ/ए, पहिलं प्रमाण २००५ चं, त्यात मात्र प्रत्येक फॉन्ट आत भरायलाच लागतो. लिब्रेऑफिसमधे एक्सपोर्ट करताना टिक मारायची असते, वर्डमधे सेव्ह ॲज पीडीएफच्या ऑप्शन्समधे पीडीएफ/ए किंवा आयएसओ १९००५ असं काहीसं लिहिलेलं असतं ते.

पण हे नीट समजून घ्या की पीडीएफ/ए ने आधीच डब्ल्यू झालेल्या Ω चा परत Ω होत नाही. तो खोटा डब्ल्यू अगदी छान एम्बेड होऊन कायमचा टिकेल. तुमच्या आत्ताच्या पीडीएफमधे सगळ्या फॉन्टपुढे एम्बेडेड लिहिलंय ना, तरी चूक आहेच.

तपासायला पॉपलर या पीडीएफच्या फुकट टूल्समधली पीडीएफफॉन्ट्स कमांड वापरा. प्रत्येक फॉन्टपुढे एम्ब, सब आणि यूनि असे रकाने येतात. एम्ब म्हणजे फॉन्ट आत आहे का. यूनि म्हणजे चित्रावरून मूळ अक्षर शोधायचा तक्ता आत आहे का, तो नसला तर दिसायला Ω दिसतो पण कॉपी केलं की काहीही येऊ शकतं. मेल जायच्या आधी सर्व्हरलाच हे करायला लावा. आणि पीडीएफटूटेक्स्टने मजकूर काढून त्यात एफ००० ते एफ०एफएफ मधलं एकही अक्षर सापडलं, किंवा टोपीवाला ए आणि डिग्री शेजारी शेजारी सापडले, तर मेल अडवायचा. चार ओळींची स्क्रिप्ट आहे, आयटीवाला नाही म्हणाला तर मला सांगा, मी इथे टाकतो.

नारायणपेठी

एवढ्यात माझे स्क्रीनशॉट काढून झाले असते.

रात्रपाळी

आणि त्यात ०.८ एमएमच असता 😂

भोसरी_क्यूसी

काका, डब्ल्यू झालेला Ω ही स्क्रिप्ट कशी पकडणार? तो तर साधा डब्ल्यू आहे, टेबलात खरे वॅटही आहेत.

लिनक्सकाका

चांगला प्रश्न. पीडीएफमधे नाही पकडता येणार, वर्डमधेच पकडायचा. डॉकएक्स फाइल म्हणजे खरं तर झिप असते, आतल्या एक्सएमएलमधे इन्सर्ट सिम्बॉलवाल्या चिन्हाला सिम नावाचा टॅग असतो आणि त्यात फॉन्टचं नाव सिम्बॉल किंवा विंगडिंग्ज असं लिहिलेलं असतं. स्क्रिप्टने कन्व्हर्ट करायच्या आधी आत बघायचं, असला टॅग किंवा मजकुराला सिम्बॉल फॉन्ट लावलेला दिसला तर फाइल परत पाठवायची. सरळ ‘सिम्बॉल’ नाव शोधलंत तर बुलेटवाल्या नंबरिंगच्या फाइलमधेही सापडेल, बुलेटचा ठिपका बहुतेकदा सिम्बॉलमधूनच येतो, तो तेवढा सोडून द्या.

शिवाय टेम्प्लेटच्या फूटरमधे बारीक अक्षरात एक ओळ टाका, Ω µ ± ° Δ ≤ ≥ ✓ अशी, शेजारी त्यांची नावं शब्दात. ओहम, मायक्रो, असं. वाचणाऱ्याला ओहम शब्दापुढे Ω दिसला नाही की लगेच कळेल की आपल्याकडे काहीतरी बिघडलंय. कस्टमरचा फॉरमॅटही मोडत नाही.

भोसरी_क्यूसी

फूटरची आयडिया जबरी आहे, उद्या साहेबांना दाखवतो. टेम्प्लेट आज रात्री बसून बदललं, Ω, µ, खुणा सगळं रिप्लेस झालं, एका टेक्स्ट बॉक्समधे राहिलं होतं ते हाताने केलं. सर्व्हरमधून परत काढली, Ω चा Ω आला. डिग्री पण नीट. मराठी पान उद्या.

शेवटचा प्रश्न. नवीन सिस्टिम लागल्यापासून जे रिपोर्ट असेच गेलेत त्यांचं काय करू? नवीन पीडीएफ त्याच नावाने गुपचूप परत पाठवली तर चालेल का? साहेबांचं म्हणणं तसंच करावं.

रात्रपाळी

अजिबात नको. एकाच नंबरचे दोन रिपोर्ट, एकात मायक्रॉन आणि एकात एमएम, ऑडिटला कोणी दोन्ही समोर ठेवले तर आकडे बदललेत असा संशय येईल, आणि तुमच्याकडे उत्तर नसेल. रिपोर्ट नंबर तोच ठेवा, पुढे रेव्हिजन १ लिहा, रेव्हिजनच्या रकान्यात ‘पीडीएफ रूपांतरात बदललेली चिन्हं दुरुस्त केली, मोजमापं तीच’ असं कारण लिहा, कुठल्या पानावर कुठलं चिन्ह तेही. मेलमधे जुनी प्रत रद्द समजावी असं स्पष्ट म्हणा. मूळ वर्ड फाइल आणि लॉगरच्या सीएसव्ही आहेत ना तुमच्याकडे? त्या जपून ठेवा, आकडे तेच होते याचा पुरावा त्याच आहेत. आणि आधी हीटरवाले रिपोर्ट पाठवा, पार्टवाले नंतर, ०.८ एमएम बघून माणूस फोन तरी करतो, ५२.९ डब्ल्यू बघून कोणी करणार नाही.